माणसांची निर्यात

ज्या महाराष्ट्राने १९७७ साली खेड्यातील माणसाला काम मागण्याचा कायदेशीर हक्क दिला, तोच महाराष्ट्र आता त्या माणसाच्या हाती परकीय भाषेची पुस्तिका ठेवून त्याला विमानतळाचा रस्ता दाखवू लागला आहे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळ-कारागीर, वाहनचालक अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण तिकडे पाठवावयाचे, आणि त्यांना जर्मन भाषा शिकवण्याचा भार महाराष्ट्राने उचलावयाचा, असा तो बेत. केंद्र सरकारही या बाबतीत मागे नाही. २०२३ च्या मे महिन्यात इस्रायलशी ४२ हजार कामगारांचा करार झाला. पुढे युद्ध पेटले, पॅलेस्टिनी मजुरांचे कामाचे परवाने काढून घेण्यात आले, आणि त्या रिकाम्या जागांवर चढवण्यासाठी २०२४ च्या जानेवारीत हरियाणा व उत्तर प्रदेशात भरतीच्या रांगा लागल्या. २९ ऑगस्ट २०२५ रोजी जपानबरोबर जो कृती-आराखडा जाहीर झाला, त्यात ५ वर्षांत भारतातून ५० हजार कुशल व होतकरू माणसे जपानला जावीत असे उद्दिष्ट ठेवले आहे.

मंत्र्यांच्या भाषणांत या सर्व प्रकाराला 'मनुष्यबळाचा पुरवठा' म्हणतात. पुरवठा सिमेंटचा होतो, कोळशाचा होतो, दुष्काळात चाऱ्याचा होतो. माणसांच्या बाबतीत हा शब्द आजवर दोनच वर्गांनी वापरला : वसाहतवाल्यांच्या दलालांनी आणि साखर कारखान्यांच्या मुकादमांनी. आता तो लोकनियुक्त सरकारच्या तोंडी आला आहे, आणि कोणालाही त्यात काही खटकत नाही.

हिंगोली जिल्ह्यात हा शब्द मुळीच नवा नाही. दसरा-दिवाळी झाली की सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांतील तांडे आणि वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणे, शेळ्या आणि लेकरे चढतात, आणि टोळी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्याकडे निघते. उचल आधीच घेतलेली असते. ती फेडण्यासाठी पुढचे चार-पाच महिने ऊस तोडावयाचा असतो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीचा करार याच वर्षी झाला असे समजावे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि दर १०० माणसांपैकी सुमारे ८५ खेड्यांत राहत होती. जमीन काळी, नद्या तीन : पूर्णा, कयाधू, पैनगंगा. सिद्धेश्वरचे धरण याच जिल्ह्यात, इसापूरचे त्याच्या सीमेवर. वसमतची हळद एवढी नामांकित की २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि तरीही याच जिल्ह्यातील गोरेगावच्या शेतकऱ्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्या असे सरकारला कळवले. हळकुंडे पोत्यांत भरून बाहेर जातात, त्यांची पूड करून पैसा मिळवणारे बहुतेक दुसरीकडे बसलेले असतात. माणसांचे याहून निराळे काय होते? दोन्ही कच्च्या मालाच्या रूपानेच जिल्ह्याची वेस ओलांडतात.

अशा जिल्ह्यातील तरुणाला कोणी सांगितले की कोल्हापूरऐवजी स्टुटगार्टला चल, ओसाकाला चल, तर तो हुरळून जाणारच. त्यात त्याचा काडीचा दोष नाही. पोट भरण्यासाठी देशांतर करण्याचा हक्क माणसाला आहे आणि तो कोणत्याही समाजवाद्याने नाकारू नये. प्रश्न जाणाऱ्याचा नाही, पाठवणाऱ्याचा आहे. व्यक्ती स्वतःहून जाते ती एक गोष्ट. राज्यसंस्था आपल्या गरीब जिल्ह्यांतील माणसे बाहेर घालवणे हाच त्या जिल्ह्यांच्या दारिद्र्यावरील उपाय मानू लागते ती अगदी वेगळी गोष्ट. या दुसऱ्या मार्गाने एक देश तब्बल शंभर वर्षे चालला होता. योगायोग असा की आज ज्याच्याकडे आपली माणसे पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, तोच तो देश. जपानच्या आर्थिक चमत्काराच्या कथा आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या जातात. त्याने आपल्याच शेतकऱ्यांना कसे बाहेर काढले, ती कथा कोणी सांगत नाही.

मेइजी सरकारने १८७३ साली जमीनमहसूल रोख रकमेत बांधला. धान्याचा भाव पडला तरी सारा तोच. १८८१ पासून अर्थमंत्री मात्सुकाता यांनी चलन आखडले, तांदळाचे भाव कोसळले, आणि असंख्य छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांच्या घशात गेल्या. मराठवाड्यातील वाचकाला यापुढचे सांगण्याची गरज नाही. पण जपानी राज्यकर्त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी महसूल कमी केला नाही, कुळांना जमीन दिली नाही. हवाईच्या ऊसमळेवाल्यांशी करार केला. १८८५ ते १८९४ या काळात सुमारे २९ हजार जपानी माणसे सरकारी करारावर हवाईत ऊस तोडण्यासाठी गेली. पुरुषाला महिना ९ डॉलर आणि पोटाला ६ डॉलर, बाईला त्याहून कमी, मुदत ३ वर्षे. भरती मुख्यतः हिरोशिमा आणि यामागुची या प्रांतांतून झाली, आणि करार करणारे परराष्ट्रमंत्री इनोउए हे स्वतः यामागुचीच्या मुलखातले. आपल्याकडेही मतदारसंघाचे पुढारी आपल्या भागातील टोळ्यांची काळजी अशीच वाहतात.

पुढे हा धंदा सरकारने खाजगी कंपन्यांच्या हाती सोपवला. १८९४ साली वटहुकूम निघाला आणि १८९६ साली 'स्थलांतरित संरक्षण कायदा' झाला. परवाना घ्या, अनामत भरा आणि मग माणसे पाठवा. नाव संरक्षणाचे, पण कायद्याने जन्माला घातली ती दलालांची एक भरभक्कम जमात. प्रवासखर्चाचे कर्ज, कर्जावर व्याज, व्याजावर शुल्क. अमेरिकेने १९०७-०८ च्या समझोत्याने दार जवळजवळ लावून घेतले, तेव्हा या कंपन्यांनी ब्राझील शोधले. १८ जून १९०८ रोजी 'कासातो मारू' हे जहाज ७८१ माणसे घेऊन सांतोस बंदराला लागले. कॉफीचे झाड म्हणजे सोन्याचे झाड, अशी जाहिरात गावोगाव झाली होती. गुलामगिरी बंद झाल्यावर मजूर मिळेनासे झालेल्या मळ्यांवर त्यांना नेण्यात आले, आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्यापैकी कित्येकांनी मळे सोडून पळ काढला.

यातील एक तपशील हिंगोलीच्या कार्यकर्त्याने विशेष लक्षात घ्यावा. ब्राझीलच्या मळेवाल्यांची अट अशी होती की एकटा माणूस नको, किमान तीन कामकरी हातांचे कुटुंब हवे. कारण कुटुंब असले की माणूस पळत नाही. ज्यांच्याकडे तेवढे हात नव्हते त्यांनी कागदोपत्री कुटुंबे जुळवली. पुतण्याला मुलगा केले, शेजाऱ्याच्या मुलीला बायको केले, आणि बोटीवर पाय ठेवला. आपल्या ऊसतोडीत हिशेबाचे एकक काय आहे? 'कोयता'. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. उचल जोडप्याला मिळते, एकट्याला नाही. म्हणून मराठवाड्यात हंगामाच्या तोंडावर कोवळ्या मुलींची लग्ने उरकली जातात, आणि पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा पडू नये म्हणून बायकांच्या पिशव्या काढल्या जातात. बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. कोबे बंदरातील दलाल आणि आपला मुकादम यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. तरी दोघांचे गणित एकच निघते, कारण दोघांच्याही मागे उभा असलेला मालक एकाच प्रकारचा आहे.

१९२४ साली अमेरिकेने जपान्यांना पुरते बंद केले. त्यानंतर जपानी सरकारने ब्राझीलला जाणाऱ्यांचे प्रवासभाडे स्वतःच्या तिजोरीतून देण्यास सुरुवात केली. संरक्षणाचा बुरखा गळून पडला. गरिबांना बाहेर घालवण्यावर उघड खर्च होऊ लागला. याची परिणती मांचुरियात झाली. १९३६ साली मंत्रिमंडळाने २० वर्षांत १० लाख कुटुंबे, म्हणजे ५० लाख माणसे, मांचुरियात वसवण्याची योजना राष्ट्रीय धोरण म्हणून मंजूर केली. खेड्यांना कोटा लावला गेला. अनुदानाच्या आशेने गावपुढाऱ्यांनी गावाचे दोन तुकडे करून एक तुकडा पाठवण्यास संमती दिली. नागानो हा डोंगराळ, रेशीम पिकवणारा आणि मंदीत रेशमाचे भाव पडल्याने उद्ध्वस्त झालेला प्रांत. सर्वांत जास्त माणसे त्यानेच दिली. मांचुरियात त्यांना मिळालेली जमीन बहुतांशी चिनी शेतकऱ्यांकडून मातीमोलाने हिसकावलेली होती, म्हणजे एका देशाचा नागवलेला शेतकरी दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याच्या उरावर बसवण्यात आला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत सेना चालून आली तेव्हा जपानी सैन्य आधीच मागे हटले होते. सुमारे २ लाख ७० हजार वसाहतकऱ्यांपैकी जवळपास ८० हजार माणसे युद्धात, उपासमारीत, रोगराईत आणि सामूहिक आत्महत्यांत मेली. धोरण आखणारे तोक्योतील अधिकारी मात्र सुखरूप राहिले.

एवढ्याने तरी शहाणपण यावे! १९५६ ते १९५९ या वर्षांत याच सरकारने १,३०० हून अधिक माणसे कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन गणराज्यात पाठवली. सुपीक जमीन देऊ असे सांगितले. मिळाली ती खारवट आणि दगडधोंड्यांची. त्यांनी २००० साली आपल्याच सरकारवर दावा लावला. २००६ साली तोक्योच्या न्यायालयाने सरकारचे वर्तन बेकायदा होते हे मान्य केले आणि मुदत उलटून गेली म्हणून भरपाई नाकारली. पंतप्रधान कोइझुमी यांना शेवटी माफी मागावी लागली. जपानी भाषेत अशा लोकांसाठी एक शब्द रूढ झाला आहे : 'किमिन'. अर्थ सरळ आहे, टाकून दिलेली प्रजा.

त्यापुढचा अंक तर अधिकच बोलका आहे. जपान श्रीमंत झाला, कारखान्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा १९९० साली कायदा बदलून ब्राझीलला घालवलेल्या माणसांच्या नातवंडांना परत बोलावण्यात आले. २००७ च्या सुमारास असे ३ लाखांवर ब्राझीलवासी जपानी कारखान्यांत राबत होते. २००८ ची मंदी आली. २००९ साली सरकारने त्यांना माणशी ३ लाख येन देऊ केले आणि सांगितले, परत जा, आणि याच सवलतीच्या परवान्यावर पुन्हा येऊ नका. आजोबांना जाण्यासाठी भाडे दिले, नातवालाही जाण्यासाठीच भाडे दिले. मधल्या काळात १९९३ पासून 'तांत्रिक प्रशिक्षण' या नावाखाली आशियातील गरीब देशांची तरुण मुले आणून त्यांना मालक बदलण्याचीही मुभा न देता राबवण्याची योजना चालली. २०२३ या एका वर्षात ९ हजारांहून अधिक 'प्रशिक्षणार्थी' कामाची जागा सोडून परागंदा झाले. २०२४ साली जपानच्या संसदेला ही योजना गुंडाळून तिच्या जागी दुसरी आणण्याचा कायदा करावा लागला. भारत या योजनेत २०१७ साली सामील झाला होता. म्हाताऱ्यांच्या देशाला आता पुन्हा तरुण हात हवे आहेत, आणि पुरवठादार म्हणून आपण उभे आहोत.

कोणी म्हणेल, जपानचे दळण इथे कशाला? मग आपल्याच घरचे घ्या. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर हिंदी मजूर जाऊ लागले. तेथेही कारण गुलामगिरीच्या अंताचे, पीक उसाचे. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी शिकतात, गणपती बसवतात. भरतीचे हाल एवढे उघडे पडले की १८३९ साली कंपनी सरकारला ही वाहतूक थांबवावी लागली; मळेवाल्यांच्या दडपणाने १८४२ साली ती पुन्हा सुरू झाली, आणि तोंडदेखले 'संरक्षक' नेमले गेले. या गिरमिटाविरुद्ध कायदेमंडळात उभा राहिला तो एक मराठी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळसाठी होणारी भरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत करून घेतला; ती भरती १९११ च्या जुलैपासून थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींची गिरमिट-पद्धती रद्द करण्याचा ठराव आणला, तेव्हा सरकारी बहुमताने तो हाणून पाडला. गोखले हे मवाळांचे मवाळ. समाजवादाशी त्यांचे नाते नव्हते. पण ज्या देशात आपल्या माणसाला अप्रतिष्ठेने वागवले जाते तेथे त्याला पाठवण्यास आपल्या सरकारने हातभार लावू नये, एवढे त्यांना पुरते कळत होते. आजच्या मंत्र्यांना ते कळत नाही असे म्हणवत नाही; कळून ते वळत नाही.

स्वतंत्र भारताने १९८३ साली उत्प्रवासन कायदा केला. परवानाधारक दलाल, अनामत, संरक्षक अधिकारी, दहावी न झालेल्यांसाठी ठरावीक देशांत जाण्यापूर्वी परवानगी : सांगाडा १८९६ च्या जपानी कायद्याशी चांगलाच मिळताजुळता. त्याची जागा घेण्यासाठी २०२५ च्या ऑक्टोबरात जो मसुदा प्रसिद्ध झाला त्याच्या शीर्षकात उत्प्रवासन हा शब्दच उरला नाही. तेथे 'परदेश गतिशीलता' आणि तिचे 'सुलभीकरण' आले. हिंगोलीहून निघालेला मजूर आता स्थलांतरित नाही, तो गतिशील आहे.

धोरणाच्या समर्थकांचा हुकमी एक्का केरळ. मलयाळी माणूस आखातात गेला आणि केरळ सुखी झाला, मग मराठी माणसाने का जाऊ नये? हा युक्तिवाद थोडा तपासावा. केरळने १९७० साली कुळांना जमिनीचे मालक केले. शाळा आणि दवाखाने त्याआधीच खेड्यात पोचवले. त्या पायावर उभा राहून मलयाळी माणूस बाहेर गेला, आणि त्याच्या मागे घरी राहिलेल्या कुटुंबाला रेशन, शाळा, रुग्णालय होते. पाठवणी हे तेथील सुधारणेचे कारण नव्हे. दुसरी गोष्ट पैशाची. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ साली परदेशातून देशात आलेल्या पैशांपैकी सर्वांत मोठा वाटा, २० टक्क्यांहून थोडा अधिक, महाराष्ट्राचा होता. केरळ त्याच्या किंचित मागे. मग महाराष्ट्रात हा पैसा पहिल्या क्रमांकाने येत असताना गोरेगावच्या शेतकऱ्यावर अवयव विकायला काढण्याची पाळी का आली? राज्यात पैसा येणे आणि तो सेनगावपर्यंत पोचणे यांत मुंबई-पुण्याएवढे अंतर आहे, हे दांडेकर समितीने १९८४ सालीच अनुशेषाच्या आकड्यांनी दाखवले होते. त्या अनुशेषावर देखरेख ठेवण्यासाठी निर्माण झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती तशीच संपू देण्यात आली. पाटाचे पाणी देणे महाग पडते, जर्मन शिकवणे स्वस्त पडते, असा हा सरळ व्यवहार आहे.

व्यवहाराची दुसरी बाजूही हिशेबात धरली पाहिजे. परिचारिका घडवण्याचा खर्च कोण करते? तिचे आईबाप, गावची शाळा, सरकारी विद्यालय. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयातील खाटांशेजारी कोणी उभे राहावयाचे नाही काय? औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दूरच्या आकाशगंगांतले कंपन टिपणारे यंत्र येथे बसेल आणि त्याच्यासाठी जगभरचे विद्वान येतील, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्याच तालुक्यातील वीजतंत्री बाडेनला आणि ऊसतोड्या बेळगावला गेलेला असेल, तर तेथे स्थानिक म्हणून पहारेकरीच तेवढे उरतील.

वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली रोजगार हमी ही १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला शिकवलेली एकमेव चांगली गोष्ट होती. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता. आणि त्यासाठी शहरातील नोकरदाराकडून व्यवसायकर. शहराने खेड्यासाठी कर भरावा हे तत्त्व एका भांडवली राज्याने कायद्यात लिहिले होते. २००५ साली देशाने त्याचे अनुकरण केले. आज ती योजना मस्टर, हजेरीची यंत्रे आणि थकलेली मजुरी यांच्या चिखलात रुतवून ठेवली आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हटले जाते, बघा, गावात काम करायला कोणी तयार नाही.

तेव्हा हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमत येथील कार्यकर्त्यांपुढे काम आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत बाहेर जाणाऱ्या माणसांची नोंदवही मागावी : कोण, कोठे, कोणत्या मुकादमाबरोबर, किती उचल घेऊन. परदेशी भरतीचा मेळावा लागला तर करारनामा मराठीत वाचून दाखवल्याशिवाय कोणाला सही करू देऊ नये; मालक बदलता येतो काय, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात राहणार, परतीचे भाडे कोणाचे, हे तीन प्रश्न मेळाव्यात उभे राहून मोठ्याने विचारावेत. दलालाने नियमाबाहेर पैसे घेतले तर पावती मागावी. तो पावती देणार नाही, मग निदान साक्षीदार ठेवावेत. ऊसतोडीला जोडप्याऐवजी माणशी उचल आणि माणशी करार ही मागणी कारखान्यांच्या दारात लावून धरावी. आणि टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आधी, गावोगावच्या मजुरांचे कामाच्या मागणीचे लेखी अर्ज एकाच आठवड्यात तहसीलवर दाखल करावेत. अर्ज तोंडी देऊ नयेत, ग्रामसेवकाच्या खिशात सोडू नयेत, आणि प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी.